तगरची वाट

धाराशिवहून तेरला मोटार जाते. आम्हीं मात्र तीन मैल आधींच उतरून सहकुटुंब शेतांमधली गाडीवाट धरिली. तगरचें, म्हणजे याच तेरचें, कापड रस्ता नसलेल्या मुलखांतून गाड्यांनीं भडोचला जाई, असें इ. स. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' ग्रंथांत लिहिलें आहे. वर्गांत आम्ही त्यासाठीं नकाशावर एक सरळ रेघ ओढीत असूं! येथें एका ओढ्यानेंच अर्धा तास घेतला. काळ्या चिखलानें वहाणा जड झाल्या.

"मुलांना हें सांगितलें होतें का?" सौभाग्यवतींनीं विचारिलें. आम्ही निरुत्तर झालों.

गांवांत त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ पाहिलें. मागची भिंत जुन्या चैत्यासारखी अर्धवर्तुळाकार. नंतर तेरणेकांठीं, गोरोबाकाकांच्या समाधीपाशीं, पायांचा चिखल धुतला.