नित्य वदावे

‘काशीस जावे, नित्य वदावे’ ही म्हण चार शब्दांची, आणि तिच्यात कर्ताच नाही. कोणी जावे, कोणापाशी वदावे, काही सांगितलेले नाही. दोन्ही क्रियापदे ‘वे’वर संपतात, म्हणजे जाणेही करण्याजोगे आणि बोलणेही, पण ‘नित्य’ जोडले आहे ते बोलण्याला. जाणे एकदाच घडणार, बोलणे रोजचे. हातून घडो न घडो, चांगला संकल्प मुखी असावा, असा या म्हणीचा अर्थ सहसा लावतात आणि तिला सोडून देतात. पण निवृत्तीनंतर कोणत्या देशात जाऊन राहावे याचे हिशेब आता नागपुरातल्या पेन्शनरांच्या घरीही मांडले जातात. रेल्वे, वेस्टर्न कोलफील्ड्स (वेकोलि), महालेखापाल कार्यालय अशा ठिकाणी नोकरी झालेली, मुले बाहेर स्थिरावलेली ही घरे. थायलंड की मलेशिया, पोर्तुगाल की मुलाजवळ कॅनडा? हा हिशेब सुरू झाला की ती म्हण आडवी येते आणि हलत नाही.

मराठी माणसाने म्हातारपणासाठी परमुलूख निवडणे नवे नाही. ‘काशीवास’ हा शब्दच त्यासाठी होता. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीत बांधलेला घाट आजही भोसले घाट म्हणूनच ओळखला जातो. नदीतून पायऱ्या उभ्या चढत जातात. माथ्यावर वाड्याची प्रचंड भिंत. खाली सारा दगडच दगड, खिडक्या पार वर आणि लहान लहान. जवळच लक्ष्मीनारायणाचे देऊळ आणि यमेश्वर. राहायला येणाऱ्यापासून यमाचा शेजार त्या जागेने लपवलेला नाही. नागपूरहून सिवनी, जबलपूर, मिर्झापूर अशी पायवाट तुडवत पोचलेल्यांपैकी काही जण क्षेत्रसंन्यास घेत, म्हणजे या क्षेत्राची हद्द पुन्हा ओलांडायची नाही असे व्रत. मराठी सरदारांची अन्नछत्रे होती, दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत मराठी वस्ती होती, शेवटचे मंत्र म्हणणारा पुरोहितही आपल्यातला मिळे. आधी जाऊन कोणी तरी तिथे मरणाची सोय करून ठेवली होती. जागा निवडली जाई ती मरणासाठी. जगणे मागोमाग येई.

आजची निवड याच्या उलट्या टोकाने सुरू होते. थायलंडचा निवृत्तांचा व्हिसा पन्नाशीनंतर मिळतो. तिथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवायचे किंवा महिना ६५ हजार बाटांचे उत्पन्न दाखवायचे, दरवर्षी मुदत वाढवून घ्यायची आणि दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवायचा. मलेशियाने २०२१ मध्ये नव्या अर्जदारांसाठी महिन्याच्या उत्पन्नाची अट १० हजार रिंगिटवरून एकदम ४० हजारांवर नेली आणि पुढे ती योजना पुन्हा बदलली. आपला भार आमच्यावर पडणार नाही तोवर राहा, एवढाच या अटींचा अर्थ. मुलांकडे जाणाऱ्यांचे दार वेगळे आहे, पण उंबरठा तितकाच उंच. कॅनडाच्या सुपर व्हिसावर २०२२ पासून आईवडिलांना एका वेळी ५ वर्षे राहता येते. त्यासाठी निदान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो आणि त्या विम्यात मायदेशी परत नेण्याचा खर्चही धरलेला असावा लागतो. ब्रिटनने २०१२ मध्ये नियम असे बदलले की आईवडिलांना कायमचे बोलवायचे तर रोजच्या व्यवहारांना त्यांना दुसऱ्याचा हात लागतो आणि ती काळजी मायदेशी मिळूच शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. एका देशाला म्हातारा धडधाकट हवा. दुसऱ्याच्या दारात असहाय झाल्याशिवाय उभेच राहता येत नाही. क्षेत्रसंन्यास म्हणत होता, आता इथून हलायचे नाही. विम्याचा कागद म्हणतो, हलवण्याचे पैसे आधी भरा.

यावर कोणी म्हणेल, काशीवासाचे इतके गोडवे कशाला? आक्षेप खरा आहे. घरातली विधवा जड झाली म्हणून तिला काशीला धाडणे हेही याच शब्दाच्या आडोशाने चाले, आणि तिला कोणी विचारले नव्हते. अन्नछत्राच्या पंगतीत जात पाहिली जाई. घाट बांधायला राजा लागला. त्याचा दगड वाहणाऱ्याच्या वाट्याला काशीवास आला नसेल. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. नागपुरात राहून तरी काय? मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हाताऱ्या माणसाला दिवसभर कूलरसमोरून उठवत नाही. कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस-९५) किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना १ हजार रुपये ठरली. तिच्यावर दिवस काढणाऱ्यापुढे देश निवडण्याचा प्रश्न येतच नाही. ज्याच्यापुढे येतो त्याने सौम्य हवा, चालायला सपाट रस्ता, जवळ चांगले इस्पितळ मागितले तर त्यात गैर काही नाही. मात्र ही मागणी चालत्याफिरत्या माणसाची आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवड करणारा पंच्याऐंशीच्या माणसासाठी निवडत असतो, आणि त्या माणसाशी त्याची अजून ओळख झालेली नसते.

इथे वरसईच्या विष्णुभट गोडशांना बाजूला सारता येत नाही. घरच्या ओढगस्तीपायी १८५७ मध्ये ते दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीत अडकले, लुटले गेले. परतताना त्यांच्या खांद्यावर गंगेची कावड होती. ती त्यांनी पायी कोकणापर्यंत आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. त्यांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या लढाया आणि राणी लक्ष्मीबाई सर्वांच्या लक्षात राहिल्या, कावड मागे पडली. पण चालत्या माणसाच्या खांद्यावर काही महिने पाणी सांभाळणे ही केवढी गोष्ट आहे. प्रत्येक पावलाला बांबू लवतो, भांडी हिंदकळतात, थेंब सांडू द्यायचा नसतो. आईवडील काशीला गेले नाहीत, काशी घरी आली. मग म्हणीतला हरवलेला कर्ता इथे सापडतो का? आईबापांनी वदावे आणि मुलाने जावे, असे ते दोन कर्त्यांचे वाक्य असेल का? आज मुले गेलेलीच आहेत. ती पैसे पाठवतात, घरी मदतीला बाई ठेवतात, दिवाणखान्यात कॅमेरा बसवतात. याला कावड म्हणावे की नाही, ठरवता येत नाही. खांद्याला पडलेला घट्टा दिसतो; दूरदेशी जादा पाळ्या करणाऱ्याच्या जिवाला पडलेला दिसत नाही.

दर नोव्हेंबरात पेन्शनराला हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंत्राच्या इवल्याशा काचेवर अंगठा टेकवायचा. जन्मभर कणीक मळून, भांडी घासून रेषा पुसट झालेल्या असतात. यंत्र ओळखत नाही. अंगठा पदराला पुसायचा, पुन्हा टेकवायचा, जरा दाबून. २०२१ पासून चेहरा दाखवूनही भागते. सरकार वर्षातून एकदा विचारते, थायलंड ९० दिवसांनी. रोज विचारणारे कोण? कदाचित म्हणीतले ‘नित्य’ याचसाठी असेल. रोज सकाळी ‘काशीला जायचंय’ म्हणणारे सासरे आणि हातातले काम न थांबवता ‘हो बाबा, जाऊ’ म्हणणारी सून, हाच त्यांच्या हयातीचा दाखला. तसे असेल तर देश निवडताना पहिला प्रश्न हवापाण्याचा नसावा; तेच ते बोलणे रोज ऐकून घेणारे तिथे कोणी आहे का, हा असावा. पण हेही पुरते टिकत नाही. टोरांटोहून रोज रात्री येणारा व्हिडिओ कॉल ऐकून घेतो, आणि शेजारच्या खोलीतला मुलगा कधी कधी ऐकत नाही. शिवाय ती सून इतक्या सहज हो म्हणते, कारण कोणी जाणार नाही हे दोघांनाही ठाऊक असते. रोज बोलल्यामुळेच जाणे राहून जात असेल. म्हणीला कर्ता नाही, एवढेच आधी खुपत होते. आता ती जाण्याची म्हण आहे की राहण्याची, हेही सांगता येत नाही.