दोन जिवांची जळजळ

येळ अमावस्येला आमच्या मेहकरात (भालकी तालुक्यातलं, बुलढाण्याचं नव्हे) घरी कुणी जेवत नाही. पंगत शेतात बसते. त्या वर्षी मला सातवा महिना होता. चिंच-मिरचीची भज्जी, उंडे, वर गार आंबील. सासूबाई वाढतच होत्या, “दोन जिवांची आहेस, पोटभर खा.” नको म्हणायचा धीर झाला नाही. रात्री आडवी झाले आणि छातीत निखारा ठेवल्यासारखं झालं. घशाशी आंबट पाणी येई. पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसले.

शेजारच्या कन्नड अव्वांनी लगेच ओळखलं, “एदेउरी! बाळाला जावळ दाट येणार.” सासूबाईंचंही तेच मत. भाषा दोन, समजूत एक! गंमत म्हणजे २००६ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ६४ गर्भवतींची पाहणी केली, तर या समजुतीला थोडा आधारच मिळाला.

पण जावळाच्या आशेनं जळजळ थांबते थोडीच? मी भीतीनं रात्रीचं जेवणच सोडलं. कुणाला न सांगता खाण्याचा सोडा पाण्यातून घेऊ लागले. पुढच्या तपासणीत वजन वाढलेलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई रागावल्या, “जळजळीनं बाळाला काही होत नाही, तुमच्या उपाशी राहण्यानं होईल.” गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते, शिवाय वाढती गर्भपिशवी जठराला वर रेटते, हे त्यांनी समजावून सांगितलं.

सोडा बंद झाला, कारण त्यात सोडियम फार. आम्लपित्ताचं औषध त्यांनीच दिलं, पण लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवायला सांगितलं. थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं, झोपण्याआधी दोन-तीन तास जेवण उरकायचं, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवायच्या, डाव्या कुशीवर झोपायचं. मी वहीत रोजचं खाणं लिहू लागले. आठवड्यात माझे गुन्हेगार सापडले: अंबाडीची भाजी, म्हणजे आपली पुंडी, तिखट ठेचा आणि रिकाम्या पोटीचा चहा. भाकरी बिचारी निर्दोष! प्रत्येकीची यादी निराळी असते, म्हणून वही हवी.

एक मात्र लक्षात ठेवा, मैत्रिणींनो. पाचव्या महिन्यानंतर बरगड्यांखाली जोराची कळ, सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आली, तर “पित्त असेल” म्हणून घरी बसू नका. तो वाढलेल्या रक्तदाबाचा इशारा असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरी येऊन सासूबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवसापासून ताटाऐवजी वाटी आली, दर दोन-तीन तासांनी. हे आधीच सांगितलं असतं, तर कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

मुलगी झाली. आणि जावळ? डोकं जवळजवळ सफाचट! अव्वा आणि सासूबाई दोघीही हसल्या.