माळढोकाच्या भेटीस

गेल्या हिवाळ्यांत आम्ही चौघे स्नेही जेसलमेरास गेलों. लोक तेथें किल्ला आणि हवेल्या पाहावयास जातात. आम्हांस पाहावयाचा होता माळढोक. हा पक्षी आपणां दक्षिणेंतल्यांना परका नव्हे. सोलापूर जिल्ह्यांत नान्नज येथें त्याच्यासाठीं १९७९ सालींच अभयारण्य झालें. परंतु त्या माळांवर तो आतां क्वचितच दृष्टीस पडतो, म्हणून आपल्या घरच्या पक्ष्यास भेटण्यासाठीं आम्हांस थरच्या वाळवंटाची वाट धरावी लागली.

तेथील राष्ट्रीय मरुउद्यानाचा विस्तार तीन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. समच्या वाळूच्या टेकड्या मागें टाकून आम्ही सुदासरीस पोंचलों, तेव्हां सूर्य नुकताच वर आला होता. वाळवंट म्हणजे निव्वळ वाळू, ही आपली समजूत तेथें टिकत नाहीं. जिकडे तिकडे सेवण गवताचे झुबके, मधून मधून केर व रुई यांचीं झुडपें, आणि एखादें खेजडीचें झाड. चंडोल अगदीं जवळून उडत होते, आणि चिंकारा हरिणें थबकून आमच्याकडे पाहत होतीं.

दोन तास असेच गेले. इतक्यांत आमचा वाटाड्या हलक्या आवाजांत म्हणाला, “गोडावण!” तिकडे माळढोकाचें हेंच नांव. गवतापलीकडे एक नर संथ पावलें टाकीत चालला होता. सुमारें मीटरभर उंची, पांढरी मान, माथ्यावर काळी टोपी आणि चोच किंचित वर उचललेली. एखादे वृद्ध जहागीरदार आपल्या जमिनीवरून फेरी घालीत आहेत असेंच वाटावें! पूर्ण वाढलेल्या नराचें वजन पंधरा किलोपर्यंत भरतें. असे पक्षी आज मोकळ्या रानांत सुमारें दीडशेंच उरले असावेत, असा जाणत्यांचा अंदाज आहे.

परततांना क्षितिजावर पवनचक्क्या व विजेच्या तारा दिसूं लागल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें त्याला समोरचें थोडें दिसतें. देह जड असल्यामुळें ऐन वेळीं वळतांहि येत नाहीं. मादी बहुधा एकच अंडें, तेंहि उघड्या जमिनीवर घालते. मग तारेला आपटून मेलेल्या एका पक्ष्याची उणीव भरून निघणार केव्हां?

आमच्यांतील इंजिनीयर स्नेह्यांचें म्हणणें असें कीं, कोळशाचा धूर टाळावयाचा तर ऊन आणि वारा यांपासून वीज घेतलीच पाहिजे. तें खोटें नव्हे. सर्वोच्च न्यायालयालाहि ही अडचण जाणवली. २०२१ सालीं त्यानें शक्य तेथें तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ सालीं तो सरसकट अमलांत आणणें कठीण मानून तज्ज्ञांची समिती नेमली. सम येथें २०१९ सालीं सुरू झालेल्या केंद्रांत अंडीं कृत्रिम उबेनें उबवून पिलें वाढविलीं आहेत. पण तीं पिलें सोडावयाचीं कोठें? त्यांना मोकळें गवत हवें, आणि वर तारांवांचून आकाशहि हवें.

वाचकांपैकीं कोणी तिकडे गेल्यास गवतांत उतरूं नये. दुरूनच दुर्बिणीनें पाहावें. आणि एवढें ध्यानांत ठेवावें कीं, देशांतील वीजजाळें आज एकच आहे. जेसलमेरची वीज कोणाच्या घरांत जळते हें सांगतां येत नाहीं. तारा जमिनीखालीं नेण्यापायीं आपल्या बिलांत चार पैसे अधिक चढले, तर ते आनंदानें सोसण्याची तयारी आपण सुशिक्षित कुटुंबांनीं ठेवावयास नको काय?