अहमदाबादचा तीन दरवाजा

अहमदाबादेस जाणारा मराठी प्रवासी साबरमतीचा आश्रम पाहतो, सिदी सय्यदच्या मशिदीतील दगडी जाळीपुढे क्षणभर स्तब्ध होतो, आणि वेळ उरलाच तर माणेकचौकात काही खरेदी करून परत फिरतो. या वाटेवर तीन दरवाजा त्याला बहुधा लागतोच. परंतु फेरीवाल्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत मान वर करून पाहण्याची सवड त्यास होत नाही. मराठी माणसाने तरी ती काढावी. या दरवाजाला बसविलेली एक शिळा मराठी अमदानीतील असून तिच्यावरील मजकूर आपल्या प्रत्येकाच्या घराशी संबंध ठेवणारा आहे.

शहर वसले ते इ. स. १४११ मध्ये. सुलतान पहिला अहमदशहा याने साबरमतीच्या पूर्वतीरी भद्राचा किल्ला बांधिला आणि त्याच्यासमोर मैदान-ए-शाह नावाचा विस्तीर्ण चौक राखला. त्या चौकाचे पूर्वेकडील द्वार म्हणजे हा तीन दरवाजा. शहराच्या स्थापनेनंतर चारपाच वर्षांतच तो उभा राहिला. कमानी तीन, उंची २५ फूट, मधली कमान १७ फूट रुंद, बाजूच्या दोन प्रत्येकी १३ फूट. कमानींमधील जाड खांबांच्या दर्शनी बाजूस बारीक कोरीव काम आहे. वरच्या गच्चीवर पूर्वी छप्पर असे. १८७७ च्या दुरुस्तीत ती उघडी करण्यात आली. याच कमानींखालून सुलतानाची स्वारी जुम्मा मशिदीकडे निघत असे. शहराभोवतालचा मोठा तट याहून पुष्कळ अलीकडचा. तो १४८६ मध्ये महंमद बेगड्याने बांधिला असे सांगतात. सहा मैलांचा घेर, बारा दरवाजे आणि १८९ बुरूज असा त्याचा थाट होता. विसाव्या शतकात हा तट बहुतेक पाडला गेला, आणि ज्या वेशींनी शत्रूस अडवावयाचे त्या आता रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून वाहनांस अडवितात! तीन दरवाजा मात्र आरंभापासूनच लढाईपेक्षा दरबारी डौलाचा.

१७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतले. मध्यंतरी ते हातचे गेले आणि १७५८ मध्ये परत मिळाले. शहराचा वसूल पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटला गेला, आणि या दुहेरी अंमलाने रयत त्रासली हे आपणही मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. १८१५ मध्ये पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, त्याच्या मुळाशी जी बोलणी होती त्यांतही अहमदाबादच्या इजाऱ्याचा प्रश्न होताच. नवा मराठी सुभेदार आला म्हणजे तो या दरवाजाच्या एका तुळईवर पाच बाण सोडी, आणि ते लागतात की चुकतात यावरून त्याचा कारभार कसा होईल याचा अंदाज लोक बांधीत, अशी एक मौजेची हकीकत सांगितली जाते.

दुसरी कथा लक्ष्मीची आहे. एका रात्री लक्ष्मी शहर सोडून निघाली असता कोतवालाने तिला वेशीवर थांबविले. ‘मी सुलतानाची आज्ञा घेऊन येईपर्यंत येथून हलू नये,’ एवढे वचन त्याने घेतले आणि लक्ष्मीने कायमचे राहावे म्हणून परत न येता स्वतःचा शिरच्छेद करविला. त्या लक्ष्मीच्या नावाने तीन दरवाजाच्या एका कोनाड्यात दिवा तेवत ठेवलेला असतो, आणि तो पिढ्यान् पिढ्या एक मुसलमान कुटुंब सांभाळीत आले आहे.

आता ती शिळा. १० ऑक्टोबर १८१२ रोजी सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी एक हुकूम काढला आणि तो देवनागरी अक्षरांत दगडावर कोरून येथे बसविला. आशय असा की, मुलीचा बापाच्या मालमत्तेत जो वाटा असेल तो तिला विनाहरकत द्यावा. ही श्रीविश्वनाथाची आज्ञा आहे. जो मोडील तो हिंदू असल्यास महादेवास आणि मुसलमान असल्यास अल्ला व रसूल यांस जाब देईल. शहरातील सर्वांत रहदारीच्या जागी हे का कोरावे लागले? जे आपसूक मिळते त्यासाठी कोणी दगड फोडीत नाही.

पुष्कळ लोक या हुकमाला समान वारशाचा हुकूम म्हणतात. माझ्या मते ते थोडे पुढे जाते. शिळा ‘जो असेल तो’ एवढेच म्हणते. तो किती, हाच तर वादाचा मुद्दा. याज्ञवल्क्याने भावांनी बहिणीला चौथा हिस्सा द्यावा असे सांगितले; मिताक्षरेने तो खरा हिस्सा मानला, तर इतरांनी त्याचा अर्थ लग्नखर्चापुरता आवळला. कुराणात मुलीला मुलाच्या निम्मा भाग आहे. परंतु गुजराथेतील खोजे, मेमन इत्यादी जमातींत हिंदूंप्रमाणेच मुलींना वगळण्याची रूढी होती. दोन्ही धर्मांची शपथ एकाच दगडावर घालावी लागली ती यामुळेच असावी. पुढे १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजे व मेमन स्त्रियांचे वारशाचे दावे आले, तेव्हा त्यांनी कुराणाऐवजी रूढीचीच बाजू उचलून धरली. सुभेदाराने पस्तीस वर्षांपूर्वी जे मना केले होते, त्यास न्यायासनाने मान्यता दिली!

गुजराथ आणि उत्तर कोंकण येथे मिताक्षरेपेक्षा नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूखास अधिक मान. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, काशीस जाऊन राहिलेले. मुंबई इलाख्याच्या कायद्यात बापाला पुत्र व पत्नी नसता मुलीला जे मिळे ते तिच्या पूर्ण मालकीचे होई. अन्य प्रांतांत केवळ हयातीपुरते. ही सवलत लहान नव्हे. परंतु भाऊ असला की तिची मजल संपली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीने बसविले, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत जन्मसिद्ध सहभागी केले नाही. महाराष्ट्राने ती उणीव १९९४ मध्ये भरून काढली, तीही तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळून. सर्व देशासाठी कायदा झाला २००५ मध्ये. वडील त्यापूर्वी वारले असले तर काय, या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मुलीच्या बाजूने दिला.

शिळेपासून या निकालापर्यंत दोनशे आठ वर्षे गेली. मध्यंतरी आपल्या घरांतून एक निराळाच कागद रूढ झाला आहे. वडिलांचे दिवस होतात, पाहुणे पांगू लागतात, आणि मोठा भाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा पुढे ठेवितो. माहेरचा उंबरठा तुटू नये म्हणून बहीण बहुधा न वाचताच सही करते. वहिनी चहा आणते, आणि दुसऱ्या दिवशी सर्वजण मिळून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातात.