कासवांची मोजदाद

परोपकारास निघालेल्या मनुष्यास आपल्या उपकाराचे फळ प्रत्यक्ष पाहण्याची फार हौस असते. भुकेल्यास वाढले, तर त्याच्या मुखावरील समाधान आपण न्याहाळतो. रोप लावले, तर पालवी फुटली की नाही हे दुसऱ्याच दिवशी पाहू लागतो. ही हौस ज्यास जिरवावयाची असेल, त्याने कोस्टा रिकातील तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक म्हणून काही दिवस घालवावेत. मी एका ऑगस्टात ते घालविले. पदरचे पैसे मोजून सेवा करण्यासाठी इतक्या दूर जाण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आप्तांनी केला होता. तो मुळीच अप्रस्तुत नव्हता.

स्पॅनिश भाषेत कासवास तोर्तुगा म्हणतात. त्यावरून या गावाचे नाव पडले. गावास बाहेरून येणारा रस्ता नाही. नद्याकालव्यांतून होडीने जावे लागते. एका बाजूस कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूस पाणथळ वर्षावन. आमच्या कोकणातला पाऊस चार महिन्यांनी रजा तरी घेतो. येथे त्याची ये-जा वर्षभर चालूच असते. पहाटे हाऊलर जातीच्या माकडांची गर्जना ऐकून नवख्यास वाघाचाच भास व्हावा. पण हे वन केवळ शोभेचे नव्हे. अंडी घालण्यास येणाऱ्या मादीस किनाऱ्यावर काळोख लागतो आणि तो या झाडीने राखला आहे. झाडी तुटली की घरे येतात, घरांमागून दिवे येतात, आणि दिवे पाहून मादी समुद्रात माघारी वळते.

आमची पाळी रात्री आठपासून बारापर्यंत, किंवा बारापासून चारपर्यंत. गडद कपडे, मंद तांबडा दिवा आणि हलक्या आवाजातील बोलणे. शंभर-दीडशे किलो वजनाचे हिरवे समुद्रकासव वाळूत खड्डा खणून अंडी घालू लागले, की मगच त्याच्या मागे जाऊन बसावयाचे, अंडी मोजावयाची (ती शंभराच्या आसपास भरतात), पाठीची लांबी टेपने मापावयाची, आणि वल्ह्यासारख्या पुढच्या पायास क्रमांकाची धातूची चकती लावावयाची. सुमारे दोन महिन्यांनी पिले बाहेर पडली, की ते घरटे उकरून रिकामी टरफले व कुजलेली अंडी निराळी मोजावयाची. त्या कामाचा वास कोणत्याही काव्यात बसणार नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसण्यात आयुष्य गेलेल्या मजसारख्यास मात्र हा धंदा अगदीच अनोळखी वाटला नाही.

या मोजणीस मोठा इतिहास आहे. पूर्वी याच वाळूत रात्री पहारा ठेवून माद्या उताण्या पाडीत आणि सूपासाठी जहाजांवर चढवीत. आर्ची कार या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने 1955 साली येथे कासवांस चकत्या लावण्यास आरंभ केला. चकती परत धाडणाऱ्यास तो बक्षीस देई. पुष्कळ चकत्या निकाराग्वाच्या किनाऱ्यावरून आल्या, कारण तेथील समुद्रगवत चरावयास ही कासवे जातात आणि तेथले मिस्किटो कोळी त्यांस पकडून खातात. म्हणजे कासवाच्या प्रवासाचे ज्ञान बहुधा त्याच्या मरणातूनच हाती आले! कोळ्यांस दोष देणे सोपे आहे. परंतु ज्याच्या घरी चूल त्यावरच पेटते, त्यास दूरच्या पाहुण्याने उपदेश करणे मला शोभेना. तोर्तुगेरोत 1975 साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढे प्रवाशांस कासवे दाखविणे हीच गावकऱ्यांची उपजीविका बनली. आमच्याकडे मंडणगड तालुक्यातील वेळास गावीही 2002 पासून गावकऱ्यांच्या साह्याने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली गेली आहेत. पोट आणि पहारा यांची सांगड घातल्यावाचून कासव कोठेच वाचत नाही, हे दोन्ही किनारे सांगतात.

आता आप्तांच्या प्रश्नाचे उत्तर. किनारा सुमारे पस्तीस किलोमीटरांचा, हंगाम महिनोन्‌महिन्यांचा. थोड्या संशोधकांचे डोळे त्यास पुरत नाहीत, आणि पाहुण्यांच्या पैशांवर कामाचा काही खर्चही निघतो. हे झाले व्यवहाराचे उत्तर. दुसरे असे की, या सेवेत हात चालविण्यापेक्षा हात आवरण्याचेच काम अधिक. पिलू लाटेकडे सरपटताना वाटेत उलटे पडते, खेकडा टपलेला असतो. तथापि त्यास उचलून पाण्यात सोडावयाचे नाही, असा नियम. मन कळवळते, परंतु आपल्या कळवळ्याचे समाधान करण्यासाठी आपण येथे आलो नाही, हे मनास पुनःपुन्हा बजवावे लागते. निष्काम कर्मावर मी वर्गात कितीदा तरी बोललो असेन. त्याची परीक्षा मात्र त्या वाळूत द्यावी लागली.

हिरवे कासव वयात येण्यास वीस-तीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक लागतात. मी वहीत नोंदलेल्या अंड्यांतील एखादी मादी तगलीच, तर ती अंडी घालण्यास याच किनाऱ्याकडे परतेल. तेव्हा मी असलोच, तर ऐंशीच्या घरात असेन. तिच्या पायास चकती लावणारा स्वयंसेवक कदाचित अजून जन्मासही आलेला नाही. त्याच्यासाठी काळोख तेवढा शिल्लक राहावा.