तुमची काळी एक, माझी काळी दोन

गायक ‘काळी एक’ म्हणाला की वाजवणाऱ्यांपैकी अर्धे खूश होतात आणि उरलेल्यांची तोंडं उतरतात. पेटीवरची ही पहिली काळी पट्टी मराठी पुरुष आवाजाची जवळजवळ सरकारी पट्टी आहे. भीमगीत असो, अभंग असो, पोवाडा असो, बुवा सा तिथेच लावणार. क्लॅरिनेट आणि ट्रंपेटला ती मानवते, व्हायोलिनला अजिबात मानवत नाही. यात लहरीपणा काही नाही. प्रत्येक वाद्य कुठून आलं, कुणासाठी घडलं आणि ते शिकवणारी शाळा कोणती, हे सगळं त्या नापसंतीत असतं.

मी मानखुर्दला राहतो आणि अरेंजमेंट लिहितो. मोठ्या स्टुडिओतलं नाव नव्हे. ब्रास बँड, बेंजो पार्ट्या, शाळांची स्नेहसंमेलनं, एखाद्या चर्चच्या क्वायरचा नाताळ, मंडळांचा चौदा एप्रिलचा स्टेज कार्यक्रम, असं माझं गिऱ्हाईक. महाराष्ट्रनगर ते लल्लूभाई कंपाउंड संध्याकाळी चालत गेलं तर एका गल्लीत ताशा तापत असतो आणि दुसऱ्या गल्लीत कुणी ऑक्टापॅड ठोकत असतं. चाल दुसऱ्याची, शब्द तिसऱ्याचे. कोणतं वाद्य कधी वाजेल, किती वाजेल आणि मुख्य म्हणजे कधी गप्प बसेल, एवढंच माझं. लोकांना वाटतं नोटेशन लिहिणं म्हणजे ऐकलेलं उतरवून काढणं. उतरवणं हा त्यातला सोपा भाग. कागद कुणाच्या हातात पडणार आहे, हे कळल्याशिवाय मी पेन्सिलीला हात लावत नाही.

आधी पट्टीचं प्रकरण सांगतो. क्लॅरिनेट आणि ट्रंपेट ही बी फ्लॅटची वाद्यं. त्यांच्या कागदावर सी लिहा, त्यांनी प्रामाणिकपणे सी वाजवला तरी पेटीवर तो खालच्या काळी पाचला जुळतो. अल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याचा सी वाजतो काळी दोनला. म्हणजे या मंडळींना जे ऐकवायचं आहे ते लिहून चालत नाही, सरकवून लिहावं लागतं. काळी एकचं, म्हणजे डी फ्लॅटचं, गाणं पाच रेघांच्या पाश्चात्य स्टाफवर जसंच्या तसं मांडलं तर पाच फ्लॅट पडतात. तेच क्लॅरिनेटसाठी एक पूर्ण सूर वर सरकवलं की तीनच फ्लॅट उरतात आणि अल्टोच्या कागदावर दोन. बोटं आपोआप सोप्या जागी येतात. बँडमधले जुने मास्तर एवढा हिशेब एका वाक्यात उरकतात: तुमची काळी एक, माझी काळी दोन. अल्टोवाला मागून पुस्ती जोडतो, माझी काळी पाच.

ही सगळी भानगड लष्करी बँडांची देणगी. आडोल्फ साक्स यानं १८४६ मध्ये पॅरिसला सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या डोक्यात लहानमोठ्या वाद्यांचं एक अख्खं कुटुंब होतं. एका शिपायाला अल्टो आला की टेनर वेगळा शिकायला नको, बोटं तीच. सरकवण्याचा त्रास लिहिणाऱ्यानं सोसायचा. इंग्रजी पलटणींबरोबर हे बँड इकडे आले, संस्थानिकांनी पाळले, पुढे वरातीत शिरले. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारी तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाश्चात्य वाद्यांचा बँड होता, आणि ते राजे भोसले. त्यामुळे ‘बँड म्हणजे आपलं नव्हे’ असं कुणी म्हणालं की मी हसतो.

व्हायोलिनचं दुखणं वेगळं. त्याच्या चार मोकळ्या तारा जी, डी, ए आणि ई. काळी एकच्या शुद्ध सप्तकात या चारांतला एकही सूर बसत नाही. मोकळी तार वाजली की अख्खं लाकूड बोलतं. इथे ती सोय नाही, प्रत्येक सूर बोटानं दाबून काढायचा, शेजारची तार साथीला गुणगुणतही नाही. पट्टी डी धरली, म्हणजे पांढरी दोन, तर व्हायोलिन खुलतं. पण त्याच क्षणी क्लॅरिनेटच्या कागदावर चार शार्प आणि अल्टोच्या कागदावर पाच शार्प चढतात, आणि बँडवाले माझ्याकडे असे बघतात की जणू मी त्यांची बिदागी कापली.

सरगमच्या कागदाला यातलं काही लागत नाही. वाळकेश्वरला जन्मलेल्या भातखंड्यांनी ज्या खुणा रूढ केल्या, कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, त्या आजही क्लासपासून बँडच्या गाळ्यापर्यंत चालतात. कुरुंदवाडच्या पलुसकरांची पद्धत वेगळी, पण मुद्दा तोच: सा चल आहे. एकच झेरॉक्स क्लॅरिनेटला द्या, अल्टोला द्या, युफोनियमला द्या. सा कुठला ते तोंडी सांगा, गाडी सुटते. स्टाफवर त्याच कामाला तीन कागद लागतात.

मग मी सगळंच सरगमीत का लिहीत नाही? कारण सरगम आडवी पळते. चाल तिच्यात छान मावते. पण चार वाद्यांनी एकाच मात्रेवर चार वेगळे सूर धरायचे, त्यातल्या एकानं अर्धी मात्रा आधी सोडायचं आणि दुसऱ्यानं पुढच्या बारमध्ये ओढून न्यायचं, हे तिच्यात बघताबघता गिचमीड होतं. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. सरगमीवर वाढलेला वादक ‘ग’ वाचतो तेव्हा ‘रे’ला चाटून जातो, कधी मींड घेतो, कधी खटका देतो. कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून त्याच्या कागदावर मी फक्त ठिकाणं लिहितो, वाट त्याची तो काढतो. तीच ओळ स्टाफवाल्याला दिली तर तो बरोबर ‘ग’वर उतरतो, ठरल्या मात्रेला उठतो, मध्ये काही नाही. मींड हवी असेल तर मलाच ती लिहावी लागते, आणि लिहिलेली मींड बहुतेक वेळा लिहिल्यासारखीच वाजते.

स्टाफवाल्यांची ही काटेकोर शिस्त आपल्याकडे मुख्यतः गोव्यातून आली. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फेजो, म्हणजे कागदावरचे सूर वाचून गाणं, शिकवत, पाठोपाठ व्हायोलिन. ती मुलं पोटासाठी मुंबईला आली, हॉटेलांच्या जॅझ बँडांत वाजवू लागली आणि तिथून चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला पोचली. संगीतकाराला चाल सुचे, तो पेटीवर गुणगुणे. पन्नास वाजवणारे कागदाशिवाय हलत नसत. मधला पूल अरेंजर. शंकर-जयकिशनचे सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांबरोबर ‘अलबेला’च्या काळात (१९५१) ट्रंपेट घेऊन उभा असलेला चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये भारतीय वाद्यवृंद उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्यासाठी आपल्या रागांवर रचना लिहिल्या. सर्वसामान्य माणसाला त्यांचं नाव ठाऊक आहे ते १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे, आणि त्याला तो माणूस खरा होता हेही माहीत नसतं. त्याच्या संगीतकार-जोडीतले प्यारेलाल हे गोन्साल्विसांचे शिष्य, त्यांनी गाण्यातून गुरूला केलेला तो नमस्कार. पडद्यावर संगीतकाराचं नाव मोठं आणि लिहिणाऱ्याचं, आलंच तर, बारीक अक्षरांत. रेकॉर्डिंग संपलं की कागदांचं कामही संपलं. त्यातले फार थोडे टिकले. मला याचा अजून राग येतो. आपल्याकडे अनिल मोहिल्यांना लोक ‘अष्टविनायक’चे संगीतकार म्हणून ओळखतात, ते ठीकच, पण त्यांनी दुसऱ्यांच्या चालींमध्ये घातलेले वाद्यांचे पीस ऐकून मी जास्त शिकलो.

उलट टोकाला बेंजो. आमच्या मिरवणुकीतला बेंजो म्हणजे पिकअप बसवलेलं बुलबुलतरंग. जपानमध्ये नागोयाला १९१२च्या सुमारास तैशोगोतो म्हणून निघालेलं वाद्य. टाइपरायटरसारख्या चाव्या, खाली तारा, उजव्या हातात नखी. सूर टिकत नाही, म्हणून लांब सूर नखीनं थरथरवत ठेवायचा. ‘सैराट’च्या (२०१६) संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला सिम्फनी वाद्यवृंद बसवला. तिथल्या वादकांनी मराठीचा एक शब्द न कळता, समोरच्या कागदावरचं वाचून ते वाजवलं. त्या वर्षी गणपतीच्या आगमनाला तीच गाणी इकडे बेंजोवर होती आणि ती वाजवणाऱ्यांपैकी कुणीही कधी कागद पाहिलेला नव्हता. मोबाइलवर ऐकलं, बोटांत आणलं, निघाले. मला दोन्हींत थोर-किरकोळ करता येत नाही.

बेंजोवाल्याला मी कागद देतच नाही. आधी त्याला वाजवू देतो, फोनवर रेकॉर्ड करतो आणि मग त्याच्याभोवती बाकीच्यांचं लिहितो. तो मुखड्याच्या शेवटी सवयीनं अर्धी मात्रा घाई करतो, तर माझ्या ट्रंपेटची एंट्रीही अर्धी मात्रा आधी. त्याचा सूर थरथरतो, म्हणून त्याच्याखाली क्लॅरिनेटला लांब, शांत सूर. पण क्लॅरिनेटलाही एक अवघड जागा आहे. खालचं सप्तक सोडून वर जाताना, ए-बी फ्लॅटवरून बी-वर, जवळजवळ सगळी उघडी बोटं एकदम बंद करावी लागतात. त्या उंबऱ्यावर मागेपुढे करणारी हरकत कागदावर फार देखणी दिसते आणि रात्री अकरा वाजता, चालताना, हमखास अडखळते.

चालणं हा प्रकार लिहिणाऱ्यानं विसरून चालत नाही. वरातीचा बँड उभा राहत नाही, सरकत असतो; युफोनियमवाल्याचा श्वास पावलांत जातो. बसलेल्याला चार बारचं वाक्य देतो तिथे त्याला दोनचं. ट्रंपेटवाल्याचे ओठ तासाभरात सुजतात, म्हणून उंच सूर पहिल्या गाण्यांत, नंतरच्या गाण्यांत मोकळे बार जास्त. मोकळा बार हा माझ्या मते अरेंजरच्या हातातला सगळ्यात उपयोगी सूर आहे. हल्ली नवीन मुलं लॅपटॉपवर म्यूझस्कोरमध्ये लिहितात. फुकट मिळतं, सुबक छापतं, लिहिलेलं लगेच ऐकवतं. मीही वापरतो. पण त्या मशीनला ओठ नाहीत, फुप्फुस नाही, त्यामुळे ते कुठल्याच वाक्याला ‘हे जमणार नाही मास्तर’ म्हणत नाही. एका मुलानं ट्रंपेटला सलग चोवीस बार दिले होते; ऐकायला झकास. मी त्याला म्हटलं, आता हे स्वतः नुसतं गुणगुणत स्टेशनपर्यंत जाऊन ये.

यंदा एका मंडळाचा चौदा एप्रिलचा स्टेज कार्यक्रम हाताशी आहे. गायक पुरुष, म्हणजे काळी एक आलीच. क्लॅरिनेट, दोन ट्रंपेट, अल्टो, बेंजो, ढोलकी, पॅड आणि हौसेनं मागितलेली दोन व्हायोलिनं. एक वाजवणारी वाशीला गांधर्वच्या परीक्षा देणारी मुलगी, दुसरे गोव्यातल्या साष्टीत चर्चच्या शाळेत शिकलेले, सत्तरी ओलांडलेले अंकल. काळी एकवर व्हायोलिनची सुटका करायला एक जुनी युक्ती आहे: चारही तारा अर्ध्या सुरानं उतरवायच्या. मग मोकळ्या तारा काळी एकच्या सप्तकात येतात, कागद लिहायचा डी मेजरचा, दोन शार्प, आणि वाजतं काळी एक. व्हायोलिनही बँडातल्या वाद्यांच्या जातीत जाऊन बसतं, लिहिलं एक आणि वाजलं दुसरं.

मुलीनं दोन मिनिटांत खुंट्या उतरवल्या. तिच्यासाठी सा जिथे लावू तिथे सा, लहानपणापासून गायकाच्या पट्टीला तारा लावतच ती वाढली. अंकलनीही तारा उतरवल्या, कागद बघितला, डी वाजवला आणि व्हायोलिन मांडीवर ठेवलं. “बाबा, हांव डी वाचतां आनी कानांत डी फ्लॅट येता. डोकें फिरता म्हजें.” सत्तर वर्षं ज्या कानानं ठिपका आणि सूर यांची गाठ मारून ठेवली, तो कान आता अर्ध्या सुरानं कसा सरकवायचा? त्यांनी उलट मलाच विचारलं, पाच फ्लॅट लिहायला तुला जड जातंय का?

जड काही जात नव्हतं. त्यांचा कागद मी पाच फ्लॅटमध्ये पुन्हा लिहिला, मींड जिथे हवी तिथे बोटांचे आकडे घालून. तिच्या कागदावर मींडीची एकही खूण नाही. ओळ एकच, वाद्य एकच, कागद दोन. झेरॉक्सवाल्यानं ते शेजारी ठेवून विचारलं की यातला बरोबर कुठला, आणि दोन्हीच्या प्रती काढायला सांगितल्यावर माझ्याकडे संशयानं पाहिलं. पट्टीचा प्रश्न सुटलाय. तिच्या मोकळ्या तारा जिथे येतात तिथे अंकलना तार बदलावी लागते, त्यामुळे गाण्यातल्या दुसऱ्या पीसमध्ये एकाचा बो वर जातो तेव्हा दुसरीचा खाली येतो. स्टेजवर पहिल्या रांगेतून ते दिसणार. रविवारच्या तालमीत आधी तेवढं बसवायचंय.