तुडुम ते बांधी

५ ऑगस्ट
रोवणी आटोपली. कंबर अजून सरळ होत नाही. रात्री लॅपटॉप काढला. एचटीएमएलच्या अकरा ओळी लिहिल्या. ब्राउझरमध्ये मोठ्या अक्षरांत उमटलं: गावतलाव, पाण्याच्या पाळ्या. आईला उठवून दाखवलं.

७ ऑगस्ट
एचटीएमएल सांगाडा, सीएसएस रंगरूप, जावास्क्रिप्ट हालचाल. वेबसाइट म्हणजे एवढंच, असं वाटायचं. हे नुसतं फ्रंट एंड. पान बंद केलं, भरलेली नावं गेली.

११ ऑगस्ट
दिवसभर झड. वीज दोनदा गेली.
संध्याकाळी आजोबांसोबत तलावावर. ते गावचे पाणकर होते. तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, कधी उघडायचं, आधी कोणाच्या धानाच्या बांधीला पाणी, सगळं त्यांच्या हाती. तुडुमाजवळ उभी असताना डोक्यात लख्ख झालं. तलाव म्हणजे डेटाबेस, साठा तिथे. तुडुमावरचा पाणकर म्हणजे सर्व्हर. पाट म्हणजे एपीआय. बांधी म्हणजे स्क्रीन. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते ती बांधीच. फुल स्टॅक शिकायचं म्हणजे तलावापासून बांधीपर्यंत सगळी वाट पायाखाली घालायची.
हा मालगुजारी तलाव. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. आजोबांनंतर पाणकर कोणीच नाही. पाळी तोंडी ठरते. भांडणं तिथूनच.

१४ ऑगस्ट
नोड बसवलं. रायन डाल यांनी ते २००९ मध्ये आणलं. जावास्क्रिप्ट आता दोन्ही टोकांना चालते. एकटीने काम करणारीला हा केवढा आधार.

१९ ऑगस्ट
आजोबांच्या वहीवरून तीन टेबलं: शेतकरी, बांधी, पाळी. वहीत एकाच नावाचे दोघं. आजोबांनी एकापुढे ‘टोलीवरचा’ लिहिलंय. मी प्रत्येकाला क्रमांक दिला. टेबलं एकमेकांना क्रमांकानेच ओळखतात.

२० ऑगस्ट
बाबा म्हणाले, नागपूरला नोकरी कधी बघणार? उत्तर दिलं नाही.

२२ ऑगस्ट
‘साकोली’ साठवलं. परत आलं ते ??????. अक्षरं तीन, प्रश्नचिन्हं सहा. रात्री दीडला कळलं: यंत्र काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजतं. आणि टेबल लॅटिन लिपीपुरतं बनवलेलं. यूटीएफ-८ एमबी-४ केलं. नवीन नावं नीट येतात. जुनी प्रश्नचिन्हं तशीच, मूळ अक्षरं पुसली गेलीत. चाळीस नावं पुन्हा भरायची.
आपली भाषा आधीच विचारात घ्यायला हवी होती. ही चूक पुन्हा नको.

२ सप्टेंबर
पोळा. बैल धुतले. लॅपटॉप बंद.

८ सप्टेंबर
दोन फोनवरून एकाच वेळी एकच पाळी घेऊन बघितली. दोघांनाही मिळाली!
जेवण गेलं नाही. असं खरोखर घडलं तर लोक एकमेकांवर फावडी उगारतील.

९ सप्टेंबर
पाळी गेली की बटण बंद होतं, तेवढ्यावर मी निर्धास्त होते. पण बटण बांधीवर. तिथून आलेलं काहीही खरं धरायचं नाही. सर्व्हरने पुन्हा तपासायचं. शेवटी डेटाबेसलाच सांगितलं: एक दिवस, एक पाट, एकच नोंद. आता दुसऱ्या फोनवर येतं, ‘ही पाळी दिली गेली आहे.’
आजोबांना सांगितलं. म्हणाले, “पाणकर कोणाच्या सांगण्यावर तुडुम उघडत नसतो, बाई. आधी वही बघतो.”

१५ सप्टेंबर
तलावाचा फोटो चार एमबीचा. शेतात नेटवर्क एक कांडी. पान उघडेचना. फोटो ऐंशी केबीवर आणला. उघडलं. मग फोटोच काढून टाकला. तलाव सगळ्यांनी पाहिलेला आहे.

२१ सप्टेंबर
इतके दिवस सगळं लोकलहोस्टवर, म्हणजे माझ्याच लॅपटॉपवर. आज सर्व्हरवर चढवलं. पहिला तास नुसतं ‘एरर ५००’. पासवर्डची फाइल वर गेलीच नव्हती.

२८ सप्टेंबर
पावसाने दडी मारली. भारी धान निसव्यावर. पाणी आत्ताच हवं. घरोघरी जाऊन पान दाखवलं. काही जण बघतो म्हणाले. म्हाताऱ्या काकूंना अक्षरं बारीक वाटली. रात्री मोठी केली.

१ ऑक्टोबर
तुडुम उघडलं. आजोबा काठी टेकत गेले.

३ ऑक्टोबर
सकाळी ६.१०. बाबांच्या फोनवरून पहिली नोंद: बांधी क्रमांक ७, पाणी मिळालं.
दुपारपर्यंत अकरा नोंदी.
काना-मात्रा सगळ्या जागेवर.